तोयोताईची पांढरी पिशवी

ताकागी, ३ मार्च १९५८

चि. मित्सुए हिस तोयोताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. फुसाएच्या लग्नाला मी येऊ नये, कातडी कमावणाऱ्यांच्या गावची मावशी बघून सोयरे उठून जातील, एवढंच लिहायला चार पानं कशाला घालवलीस? एका ओळीत कळलं असतं. नाही येत. पण तुझ्या लेकीला माझ्या हातची पिशवी मिळणारच. सोबत धाडलीय.

दुकानातली म्हणून खुशाल सांग, पण आधी हात फिरवून बघ. रंग नाही, चुना नाही. नदीनं कातड्याचे केस सोडवले. बाकी मीठ, मोहरीचं तेल, ऊन आणि माझे पाय. तुझे भावजी गेल्यापासून तुडवायला मीच उभी असते. हिवाळाभर तुडवलं, तेव्हा कुठं ते सायीसारखं पांढरं झालं. ओढून बघ, फाटायचं नाही. वापरशील तसं मऊ पडेल, तुझ्यासारखं नाही.

पोरीवरची माझी माया तिला कळव.

तोयो

ओसाका, १६ मार्च

ती. तोयोताईस मित्सुएचा सा. न. वि. वि.

ताई, काल विहीणबाई आल्या होत्या. पिशवी दिसली तशी उचलली, गालाला लावली, खाली ठेवीचनात. कुठली म्हणून विचारलं. मी दुकानाचं नाव सांगणार, तोच तुझी भाची बोलून मोकळी, की ताकागीच्या मावशीनं पायांनी तुडवून केलीय! गावाचं नाव ऐकून त्यांना काय ते कळलंच. बाईंनी पिशवी उलटी करून आतून बघितली, शिवणीवरनं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, इतकं देखणं कातडं जिनं केलं, तिचं नाव पाहुण्यांत कसं नाही? मला उत्तर सुचलं नाही.

ये ग ताई. धाकटीवर रुसून राहू नकोस.

मित्सुए

ताकागी, २० मार्च

चि. मित्सुए हिस आशीर्वाद.

उत्तर सुचलं नाही म्हणे! सुचलं होतं, बोलायची लाज वाटली. बरं झालं.

येते. शेजारणीचा लग्नकार्यातला काळा किमोनो मागून ठेवलाय. पायांना तेलाचा वास आहे, घासून जात नाही आणि मी घासणारही नाही. मला विहीणबाईंच्या शेजारी बसव. बाईला कातडं कळतं.

बाकी भेटीत भांडू.

तोयो