नाण्यावरची दोन अक्षरं

२३ नोव्हेंबर, दुपार

ती. दादा,

नमस्कार. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुला अजून वाचायला मनाई आहे, म्हणून हे पत्र वहिनी वाचून दाखवतील असं धरूनच लिहितेय. आपलं जुन्या नाण्यांचं दुकान ठीक आहे. तुझ्या खुर्चीवर हल्ली मांजर बसतं आणि गिऱ्हाइकांकडे अगदी तुझ्यासारखंच संशयानं बघतं.

तुला ते चांदीचं नाणं आठवतं का? गळ्यात घालायला कुणीतरी त्याच्या कडेला भोक पाडलं होतं, त्यात दोन अक्षरं गेली होती. तसल्याच एका झिजलेल्या नाण्याची चांदी घेऊन मी भोक बुजवलं आणि भिंगाखाली ती अक्षरं पुन्हा कोरली. अकरा दिवस लागले. तू बोट फिरवून म्हणालास, "कुठं होतं गं भोक?" त्या दिवशी मी हवेतच होते.

पुढं ते नाणं नकाशेवाल्या काकांनी घेतलं. जन्मभर नकाशांवर गावांची नावं लिहिणारा माणूस! परवा ते आले ते हातात कागद नाचवतच.

"बस, ऐक. नाण्याचा ठसा कोरणाऱ्यानं बाकीची अक्षरं उरकलीत, नुसती उरकलीत. पण ही दोन बघ. यांत जीव ओतलाय. काय झालं असेल गं त्याला त्या दिवशी? मुलगी झाली असेल?"

त्या अनाम कारागिरावर त्यांनी लेख लिहिलाय. येत्या रविवारी संग्राहकांच्या बैठकीत वाचणार आहेत.

दादा, विचार कर. कडेवरच्या तिळाएवढ्या जागेत माझा हात कुणीतरी इतका नीट वाचला होता. आणि वाचला होता दुसऱ्याच्या, कधीच्या मेलेल्या माणसाच्या नावावर.

"काका, ती दोन अक्षरं माझी आहेत."

मी सगळं सांगितलं. वाटलं, नाणं तोंडावर फेकतील. त्यांनी भिंग उचललं आणि माझ्या बोटांची टोकं पाहत बसले, एकेक करून. मग म्हणाले, "दोन वर्षं मी या माणसाला शोधतोय, आणि तू मला समोर बसून चहा पाजत होतीस?" हसलेसुद्धा. हसता हसता थांबले. "पण मग हमीपत्रावर 'कसलीही दुरुस्ती नाही' असं कसं? खाली तुझ्या दादाची सही आहे."

वहिनी, इथून पुढं जरा हळू वाचा.

दुरुस्त नाण्याच्या पाकिटावर आपण लाल पेन्सिलीनं तसं लिहितो. "लिहिलंस ना?" असं तू विचारलंस, मी हो म्हणाले. लिहिलं नव्हतं. मग एकदा डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांत थेंब घातले होते, तेव्हा मी सहीसाठी हमीपत्रांचा गठ्ठा पुढं केला. "सगळी बिनदुरुस्तीची ना?" मी पुन्हा हो म्हणाले. तू चाचपडत सह्या केल्यास.

पैशासाठी नव्हतं रे. ते बुजवलेलं भोक कुणाला सापडतं का, एवढंच मला बघायचं होतं. दोन वर्षं कुणाला सापडलं नाही, याचा मला आनंद होत होता. हे लिहितानाच पहिल्यांदा कळतंय.

जास्तीचे पैसे मी परत केले. काका नाणं ठेवणार आहेत, नव्या हमीपत्रासह. लेखही वाचणार आहेत, पण शेवट मी उभी राहून सांगायचा, अशी त्यांची अट आहे. सोमवारी निम्मी मंडळी आपापली नाणी घेऊन पायरीवर उभी असतील. असं खोट्या हमीचं दुसरं एकही नाणं नाही, पण माझ्या शब्दावर आता कुणी का विसंबावं? एकेक तपासून देईन.

दादाला माहीत नव्हतं, हे मी पहिल्याच वाक्यात सांगणार आहे. पण भरल्या सभेत सांगण्याआधी ते तुला माझ्याकडून कळायला हवं होतं.

वहिनी, ऐकून तो काय म्हणाला ते मला कळवू नका. काही लिहायचं असेल तर त्यालाच लिहू दे, डोळे बरे झाल्यावर, त्याला वाटेल तेव्हा.

तुझी सही चोरणारी,
तुझी धाकटी