झारीतलं पाणी

दि. ६ फेब्रुवारी

चि. ठमीस, बाबाचे अनेक आशीर्वाद.

रोपवाटिकेत सर्व ठीक. तू प्रयोगशाळेत परतल्यापासून तुझ्या वीसही टबांना मीच पाणी घालतो. शेणखताच्या दहा टबांतला पालक युरियाच्या टबांपेक्षाही गडद झालाय. बापाच्या हाताला गुण आहे बरं! सांगितल्याप्रमाणे टब उपसून गांडुळं मोजली. तू प्रत्येकी वीस सोडली होतीस. युरियात बारा-तेरा उरली, शेणखतात दोन-तीन. गेली तर गेली, पालक तर आला! वेळेवर जेवत जा.

तुझा,
बाबा


दि. १० फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

शेणखतात गांडुळं मरतात, असं शुक्रवारी परीक्षकांपुढे कोणत्या तोंडाने सांगू? सर म्हणतात, आकडे आले तसेच मांडायचे. नाही मांडले तर यंदा पदवी नाही. मी न कुजलेलं, कच्चंच खत भरलं की काय, या विचाराने घास उतरत नाही. बाबा, रागावू नका, पण टबांत पाण्याखेरीज काही गेलं का? हात जोडते, लगेच कळवा.

तुमची,
ठमी


दि. १२ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून रोपांच्या गाडीवाल्याजवळ पत्र देतोय. तुझं खत कच्चं नव्हतं. पालक फिका पडला आणि लेकीची हार मला बघवेना. शेणखताच्या टबांना झारीतून, न मोजता मूठमूठ युरिया कालवून, पाणी दिलं, तेही एकदा नाही, दर दोन दिवसांनी. तुझी आई नको म्हणत होती. तुझं पत्र आल्यावर मी आपल्या वाफ्यात कुदळ घातली. तीस वर्षं तेच पाणी देतोय. हातभर खणलं, एक गांडूळ दिसलं नाही. फार लाज वाटली गं.

चुकलेला,
बाबा


दि. १६ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र वेळेत पोचलं. तेच परीक्षकांपुढे वाचलं. प्रयोग रद्द झाला, यंदाची पदवी गेली. खोटं सांगत नाही, दोन दिवस तुमच्यावर धुमसत होते. अहो, शेणखतात पालक आधी फिका पडतो आणि मग सावकाश सावरतो, हेच तर मला लिहायचं होतं!

पुढच्या महिन्यात पुन्हा वीस टब भरायला येते. पाणी तुम्हीच घालायचं. फिका पालक बघवला नाही, तर आईला बोलवा आणि तिचा हात धरून बसा. आईला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.

तुमचीच,
ठमी