वहीवरची राहिलेली सही

अकोट,
४ नोव्हेंबर २०२५, सकाळचे सहा

सुभद्राताई, तुले नमस्कार.

भाऊजी बरे असतीन. इकडं कापूस घरी येऊन राहिला, सकाळची थंडी पडाले लागली. वर्ष झालं, तू माहा फोन उचलत नाई. शेजारचे सहदेवभाऊ आज जत्रेसाठी तुमच्या कौंडण्यपूरले मोटरसायकलनं येऊन राहिले, त्यांच्या हाती हे पत्र. इंग्रजीची बाई असून आपल्या बोलीतच लिहून राहिली, हासू नको.

शिकवणी चालू हाये. पोरं अकरा. पण मागच्या आठवड्यापासून तपासाले वह्या बारा निघतात.

बारावी तुह्या आरतीची, माह्याकडं शिकाले होती तवाची.

कपाटात ठेवली, कुलूप लावलं. सकाळी पुन्हा गठ्ठ्यावर! अशा गोष्टी मी मानत नाई, तुले ठाऊक हाये. पण माय वो, आता त्या वहीले हात लावाले भेव वाटते. रोज एकच पान उघडं असते. त्यावर तीन शब्द, सी, लुक, वॉच.

"तिघांचाही अर्थ पाहणंच ना, मावशी? काहून जीव खाते?" म्हणे आरती. मी म्हटलं, सहज दिसलं ते सी. मुद्दाम नजर वळवली ते लुक. अन् नजर न हटवता पाहत बसलं ते वॉच.

ताई, मी तुले सांगतलं होतं का पोरगी उशिरा उठली, म्हणून एसटी चुकली अन् ती जीपमध्ये बसली. खोटं होतं ते. मागच्या वर्षी जत्रेले तुह्याकडं घरी यायचं म्हणून ती पाच वाजताच तयार होती, नवा ड्रेस घालून, पिशवी मांडीवर. मीच अडवलं. माहा नियम, तिन्ही शब्दांची वाक्यं बरोबर होऊन बाईची सही झाल्याशिवाय कोणी उठायचं नाई. वॉचचं वाक्य चुकलं. मी लाल पेनानं खोडलं, पुन्हा लिव म्हटलं. ती रडत घड्याळाकडं पाहून राहिली होती. सातची एसटी गेली, तवा कुठं सोडलं, तेही सही न करता. जीप उलटून पोरगी गेल्याचा फोन नऊ वाजता आला.

खोडलेल्या वाक्याखालची जागा वर्षभर कोरी होती. आज तिथं तिच्याच तिरप्या अक्षरात लिवलं हाये, 'आय वॉच मावशी एव्हरी मॉर्निंग.'

एक चूक नाई. मले रडूच फुटलं. पोरगी वर्षभर माह्या घरात बसून हाये ताई, सहीसाठी.

सही करूच नये, असंही वाटलं. निदान इथं तरी हाये ना! केवढी लोभी मी. मग पेन घेतला, 'बरोबर' लिवलं, खाली सही केली.

आतल्या खोलीतली खुर्ची सरकली. थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली. मी खिडकीशी गेली नाई.

सातची एसटी अजून सुटायची हाये. सहदेवभाऊ तिच्या आधी पोचतीन. माहं तोंड पाहू नको, मले माफही करू नको. पण आज घराचं दार उघडं ठेवजो.

तुही अपराधी,
शकुन