सेक्रेटरीने चष्मा पुसला तिथून पुढे

प्रिय विसराळू,

मी तुझी आजी. आईची आई, उंचीला कमी आणि आवाजाला जास्त. आठ महिने झाले म्हणून ओळख करून दिली, कारण तुझ्या स्मरणशक्तीवर माझा पहिल्यापासून भरवसा नाही. लहानपणी तू डबा घरी विसरायचीस आणि दप्तर शाळेत. गेल्या खेपेला आलीस तेव्हा छत्री, चष्म्याचं घर आणि एक मोजा विसरून गेलीस. छत्री मी वापरते. मोज्याचं काय करायचं ते कळव. आता तू म्हणशील, आजी, मी कुठे विसरले, तूच माझा आवाज ऐकला की फोन ठेवून देत होतीस आणि मी पाठवलेलं पार्सल न उघडता परत करत होतीस. तेही खरं आहे. पण पत्राची सुरुवात मी करते आहे, तेव्हा पहिली चूक तुझी.

हे पत्र डावरी लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, आणि आता शिकायचा विचारही नाही. या वयात मी वाचायला लागले तर बाकीच्यांनी काय करायचं? डावरीला तू भेटली आहेस. लाँड्रीत माझ्याशेजारी उभी राहायची ती. रोलरमध्ये उजवा हात गेला, मग डाव्या हाताने लिहायला शिकली, म्हणून डावरी. दोन आठवड्यांपूर्वी तिने लेकीचं घर सोडलं आणि आमच्याच इमारतीत तळमजल्यावर खोली घेतली. लेकीकडे तिचं पटत नव्हतं, असं ती सांगते. लेक काय सांगते ते मी अजून ऐकलेलं नाही, म्हणून त्यावर मत देत नाही. ही अक्कल मला नुकतीच आली आहे. कशी आली तेच सांगायला बसले आहे.

आमच्याकडे पेपर कसा वाचला जातो ते तू पाहिलंयस. सकाळी साडेसातला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात सेक्रेटरी खाली उतरतो, बाकावर बसतो आणि मोठ्याने वाचतो. आम्ही चार-पाच जणी मटार सोलत नाहीतर विणकाम करत ऐकतो. हा आमच्या लाँड्रीच्या युनियनचा सेक्रेटरी होता. युनियन गेली, लाँड्री गेली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आवाज छान आहे त्याचा. मेलेल्या माणसाची बातमी वाचतो तर वाटतं, तो माणूस आपल्या ओळखीतला होता. बावीस वर्षं मला जगात जे काही घडलं ते या माणसाच्या तोंडून कळलं आहे. विहीर एकच असली की पाण्याची चव कशी आहे हा प्रश्नच पडत नाही, बघ.

लाँड्रीची इमारत पाडायला काढली आणि तू तिच्यावर लेख लिहिलास, तो छापून आला त्या दिवशी मी नवा स्वेटर घालून जिन्यात बसले होते. शेजारणींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. सेक्रेटरीने खाकरून सुरुवात केली. इस्पितळाच्या चादरींचे ढीग, वाफ, आमच्या हातांना येणारा साबणाचा वास, सगळं होतं. आम्ही किती हसायचो तेही तू लिहिलं होतंस, ते ऐकून मला बरं वाटलं. कारण गरीब बायकांच्या म्हणून ज्या गोष्टी सेक्रेटरी पुस्तकांतून वाचून दाखवतो, त्यांत आम्ही पहिल्या पानापासून रडत असतो. टीव्हीवाले आले होते तेव्हा त्यांनीही मला जमिनीवर बसवून पुढ्यात बादली ठेवली. म्हटलं, अहो, आम्ही यंत्रावर काम करत होतो, बादली फक्त फरशी पुसायला. तर म्हणाले, आजी, हसू नका, चित्र बिघडतं.

मग रोलरची गोष्ट आली. इस्त्रीच्या त्या मोठ्या रोलरपुढे एक पोलादी दांडी असते, तिला हात लागला की यंत्र थांबतं. जाड चादर आली तरी ती थांबवायची, आणि दर वेळी पुन्हा सुरू करायला वेळ जायचा. तू लिहिलं होतंस, डावरीचा हात गेला त्या दिवशी ती दांडी कापडाच्या पट्टीने वर बांधून ठेवलेली होती. 'ती बायकांनीच बांधली होती, कारण चादरी लवकर संपवायची त्यांना घाई असे.' इथे सेक्रेटरी थांबला. चष्मा काढून पुसला. म्हणाला, झालं, एवढंच आहे. आणि एकदम हवामान वाचायला लागला.

माझ्या हातातला मटार तसाच राहिला. शेजारणी माझ्याकडे बघेनात. त्या वेळच्या पेपरानेही हेच छापलं होतं, कामगार बाईच्या निष्काळजीपणामुळे अपघात, चार ओळी. सव्वीस वर्षांनी माझ्या नातीने त्याच चार ओळी लांबवून लिहिल्या, असं मला वाटलं. मी चढून घरी आले, स्वेटर काढला आणि ठरवलं की या मुलीशी बोलायचं नाही. तुझी तीन पत्रं आली, ती गादीखाली घातली. तुझी आई समजावायला आली, तिला म्हटलं, तुझ्या मुलीला म्हणावं, घाईच्या बायकांना फोनवर बोलायला वेळ नसतो. तिला काही कळलं नाही. तिने लेख वाचला होता ना पूर्ण.

आता डावरीचं येणं. सामान लावून झाल्यावर ती वर आली आणि तुझ्या लेखाचं कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, पोरीने काय लिहिलंय गं. मी म्हटलं, तो कागद उचल इथून. ती म्हणाली, का? मी कारण सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चादर उलटी घडी केली आहे, आणि वाचायला लागली. आता अक्षर नसलेल्या माणसाला एक गोष्ट येते, एकदा ऐकलेलं राहतं. डावरी वाचत होती आणि मी मनात एकेक वाक्य पुढे म्हणत होते. हसणं आलं, दांडी आली, पट्टी आली, घाई आली. मी म्हटलं, झालं, आता हवामान. पण डावरीचा आवाज थांबेना.

'ही घाई त्यांची नव्हती. त्या वर्षी एका पाळीत तीनशे चादरींऐवजी साडेचारशे करायच्या असं ठरलं. ते कामगारांना मान्य असल्याच्या कागदावर युनियनच्या सेक्रेटरीची सही आहे. तो कागद एकाही बाईला वाचून दाखवला गेला नव्हता.'

मी ते तिला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, आता पाठ झालं असेल, चहा टाक.

पोरी, मला राग यायला हवा होता. पण आधी काय वाटलं सांगू? दिवसभर पाण्यात उभं राहून घरी आल्यावर बूट काढावेत, तसं वाटलं. माझी नात खोटं बोलली नव्हती. राग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आला, वेळेवर. मी कात्रण घेऊन जिन्यात बसले आणि म्हटलं, सेक्रेटरी, आज आठ महिन्यांपूर्वीच्या हवामानाच्या आधीचं वाच. त्याने कागद ओळखला. म्हणाला, मला वाटलं तुला ते सोसणार नाही. मी म्हटलं, मला की तुला? सगळ्या जणींच्या सुया थांबल्या. त्याने वाचलं. स्वतःच्या सहीपर्यंत पोचला तेव्हा तो छान आवाज कुठल्या कुठे गेला होता, पण वाचलं त्याने. मग सांगितलं की आकडा वाढवला नाही तर लाँड्री बंद करू असं मालकांनी धमकावलं होतं, त्याने आमच्यासाठीच सही केली, आणि डावरीच्या हातानंतर ते सांगायला तोंड राहिलं नाही. तेही खरं असेल. मी त्याला विचारलं, बावीस वर्षांत आणखी कुठे कुठे चष्मा पुसलास? तो म्हणाला, थोडा थोडा सगळीकडेच.

लाँड्रीत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, चादर घडी करण्याआधी उजेडासमोर धर, ठिगळ तिथेच दिसतं. आयुष्यभर चादरी धरल्या, पण बातमी मात्र दिली तशी घडी करून ठेवली. सेक्रेटरीने एकही शब्द खोटा वाचला नव्हता, हे मला सगळ्यात लागलं. नुसतं थांबायचं होतं त्याला. तेव्हा आता नवी पद्धत आहे. सेक्रेटरी वाचतो, शेजारी डावरी बसते आणि ओळीवर बोट फिरवते. तो अडखळला की ती कोपराने ढोसते. तिसऱ्या मजल्यावरची नर्स दुसरा पेपर आणते. एकच मोर्चा एका पेपरात मूठभर असतो आणि दुसऱ्यात जनसागर. मग आम्ही वाद घालतो, मोजणारा कुठे उभा होता आणि त्याला जेवायला कोणी घातलं. पूर्वी साडेआठला उठायचो, आता दहा वाजतात. मटार फार सोलून होतात.

तुझी पत्रंही डावरीने वाचली. तिसऱ्यात तू विचारलं आहेस की लेखांचं पुस्तक होतं आहे, छापखान्याला या महिन्याअखेर सगळं द्यायचं आहे, मला दुखावलं असेल तर लाँड्रीचं प्रकरण काढून टाकतेस. आणि शेवटी लिहिलंस, 'आजी, तू जे मला मोबाइलमधलं रेकॉर्डिंग बंद करायला लावून सांगितलंस, ते मी कुठेही लिहिलेलं नाही.' डावरीने ते वाचलं, मला काही विचारलं नाही, कागदाची घडी केली. म्हणून आता पुढचं मी सांगते आहे आणि ती लिहिते आहे. लिही गं, थांबू नकोस. लेखातल्या त्या घाईच्या वाक्याने मी एवढी पेटले ते काही उगाच नाही, खाई त्याला खवखवे. बायकांनी दांडी बांधली, असं तू लिहिलंस. बायकांनी नाही. मी बांधली. जुन्या चादरीचा काठ फाडून, सकाळी पाळी सुरू होताना, माझ्या हाताने. दुपारी डावरीचा हात गेला. मी सव्वीस वर्षं तिला फळं नेऊन दिली, तिच्या मुलीचे फ्रॉक शिवले, आणि हे सांगितलं नाही.

इथे डावरीने पेन ठेवलं होतं. उठून पाणी प्यायली. मग पुन्हा बसली आणि म्हणाली, मला माहीत आहे. कसं ते ऐक. लाँड्रीत आम्ही सगळ्या जणी आपलं गाठोडं आपापल्या गाठीने बांधायचो, म्हणजे कोणाचं ते कळावं. सही येत नसलेल्या बायकांची तीच सही. माझी गाठ दुहेरी आणि टोक आत खोचलेलं. हात अडकला होता तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर तीच होती. साहेबांनी चौकशीत विचारलं तेव्हा ती म्हणाली, दिसलं नाही. मी विचारलं, मग माझ्यावर रागावली कशी नाहीस? तर म्हणते, रागावले होते की, चांगली पाच वर्षं, पण राग धरायलाही दोन हात लागतात. आणि तू दांडी बांधलीस तेव्हा पहिली टाळी मीच वाजवली होती, तेव्हा हात होते ना. ती पट्टी तिने जपून ठेवली होती. मी विचारलं, कुठे आहे? म्हणाली, टोमॅटोच्या रोपाला बांधली, कुजली. पोरी, मी इतकी हसले की ठसका लागला, आणि मग हसण्याचं जे व्हायचं ते झालं. ते लिहू नकोस म्हटलं तरी डावरी लिहिणारच. आता थांबायचं नाही अशी पद्धत आहे.

तेव्हा पत्र लिहायचं कारण. प्रकरण काढायचं नाही. आठ महिने मी तुला शिक्षा केली ती सेक्रेटरीच्या थांबण्याची, आणि थोडी माझ्या स्वतःच्या. चुकले मी. पण तूही थांबलीस, बाई. आजीवरच्या मायेने थांबलीस, तरी थांबणं ते थांबणंच. पुस्तकात दुरुस्ती कर, 'बायकांनी' खोड आणि लिही, दांडी माझ्या आजीने बांधली. पुढचं घाईचं आणि सहीचं तसंच राहू दे, त्यातलं काही कमी करू नकोस, नाहीतर माझ्या एकटीच्या गळ्यात पडेल. ज्यांचा हात गेला त्यांना विचारलं आहे, त्या म्हणतात, लिहा. त्यांच्याच अक्षरात हे आलं आहे, म्हणजे तुला वेगळा पुरावा नको. आणि पुस्तक आलं की स्वतः येऊन जिन्यात वाच. मोजा घेऊन जा.

तुझीच,
आजी

ता. क. येताना काही आणायचं राहूच दे, आधीच पार्सल पाठव, आता परत करणार नाही. ती आल्याची बिस्किटं, दोन डबे. दर वेळी विसरतेस म्हणून सांगते, मऊ नकोत, कडक. सेक्रेटरीला दात कमी आहेत हे मला माहीत आहे, तरी कडकच पाठव. त्याचं चघळून होईपर्यंत डावरीचं दोन पानं पुढचं वाचून होईल.