दुपारच्या गाण्याची माझ्या पश्चात व्यवस्था

हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल सर्वांची आधी माफी मागतो. वकीलबाई कित्येक वर्षे सांगत होत्या की हे काम हातपाय धड असताना उरकावे. पण लिहिले की माणूस जातो अशी मला भीती वाटायची. नाही लिहिले तरी जातो, हे अलीकडे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळले. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." मग जाता जाता पुन्हा तेच म्हणाले. तेव्हापासून मला झोप नाही.

तर मी, खाली सही करणारा, धंद्याने सोफा-खुर्च्यांना गादी व कापड चढवणारा, आता निवृत्त, शाळा अर्धवट सुटलेला परंतु लिहिता-वाचता येणारा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या पत्नीला विचारले तर ती वेगळे सांगेल, पण मालमत्ता जिला मिळते तिला साक्षीदार होता येत नाही, हे बरे आहे. मी कोणाच्या धाकाने, गोड बोलण्याने किंवा नशेत हे लिहीत नाही. फक्त चहा घेतला आहे.

एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे. तिच्यानंतर दोन्ही मुलांचे सारखे. माझे निम्मे आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेले. प्रत्येक मालकाची एकच ताकीद, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. खिळे ठोकून पोट भरणाऱ्या माणसाला ही ताकीद किती लागते ते मलाच ठाऊक. हे घर विकत घेतले त्या दिवशी मी पुढच्या खोलीत एक खिळा ठोकला. त्याला काही टांगायचे नव्हते. तो कोणी काढू नये.

दोन. बँकेतली ठेव पत्नीची. यात वाद नको.

तीन. माझी हत्यारे, म्हणजे मोठी कात्री, बाकदार सुया, लाकडी हातोडा आणि शिलाई मशीन, दोन्ही मुलांना नको आहेत. थोरला म्हणाला, "हातोडा शोभेला हॉलमध्ये लावू का?" शोभेला लावायचा नाही. माझे दुकान आता जी शिलाईवाली चालवते तिला सगळे द्यावे. ती मशीनला तेल घालते.

चार. पत्नीचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, जेव्हा जेव्हा आला तेव्हा माझ्या हातच्या आरामखुर्चीत बसून "पाठीला टोचतं हो" असे म्हणाला, आणि जेवण वाढेपर्यंत उठला नाही. ती खुर्ची त्याला द्यावी. टोचू दे.

पाच. आता गाणी. वकीलबाई म्हणाल्या की गाणी मालमत्तेत धरत नाहीत. पण या घरात भांडण झाले ते फक्त गाण्यांवरून, तेव्हा मी धरतो.

पत्नीची नजर गेली आहे. उजेड कोणत्या बाजूला आहे एवढे कळते. दुपारचे जेवण झाले की ती गॅलरीच्या दाराशी बसते आणि एकच जुने गाणे ऐकते. गाणे सुरू होण्याआधी गाणारी बाई जरा खाकरते आणि मागे कोणीतरी खुर्ची ओढते. पत्नी म्हणते, "ओढली बघा खुर्ची." मी म्हणतो, "पायाला रबर नव्हतं." हे आमचे रोजचे बोलणे. इतक्या वर्षांत दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नाही.

आधी हे गाणे कॅसेटवर होते. टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली तेव्हा थोरल्याने फोन आणून दिला. "बाबा, अडगळ फेका आता. याला स्ट्रीमिंग म्हणतात. जगातली सगळी गाणी यात आहेत."

पत्नी म्हणाली, "जगातली असू देत रे. माझं आहे का?"

होते. महिन्याच्या महिन्याला थोरला पैसे भरणार होता, म्हणून मी त्यांना भाड्याची गाणी म्हणू लागलो. अडचण एकच होती. त्याने आम्हाला स्वतःच्याच खात्यात घुसवले होते, आणि ते खाते एका वेळी एकाच ठिकाणी वाजायचे. दुपारी तो कामाला निघताना गाडीत आपले धडाडधूम लावायचा की इकडे हिचे गाणे गप्प. ही म्हणायची, "दादा गाडीत बसला." कधी तक्रार केली नाही. उलट एखाद्या दिवशी गाणे शेवटपर्यंत वाजले तर हिला घोर लागायचा, आज दादा घरीच आहे, बरा असेल ना.

मी थोरल्याला म्हटले, "अरे, कुटुंबाचं खातं घे, म्हणजे सगळीकडे वाजेल."

तो म्हणाला, "बाबा, कुटुंब म्हणजे एका पत्त्यावर राहणारे. आपण कंपनीच्या नियमात बसत नाही."

हे मी पत्नीला सांगितलेले नाही. मृत्युपत्र वाचून दाखवणाऱ्याने हे वाक्य गाळावे.

मग एक दिवस गाणे तेच, बाई तीच, पण खाकरणे नाही आणि खुर्ची नाही. गाणे घासूनपुसून नवे आणून ठेवले होते आणि जुने उचलून नेले होते. पत्नी त्या दुपारी म्हणाली, "आज कोणी आलंच नाही," आणि उठून आत गेली. मी थोरल्याला फोन लावला.

"बाबा, अहो, सुधारलंय ते! कचरा काढलाय."

"पण न विचारता?"

"भाडेकरूला कोण विचारतं?"

तो चेष्टेने म्हणाला. मला माझे सगळे मालक ओळीने आठवले.

धाकट्याला ही बातमी कळली तेव्हा त्याला फार आनंद झाला. "मी म्हणतच होतो! स्ट्रीमिंग म्हणजे चोथा. गाणं विकत घ्या, बाबा. हाय-रिझोल्यूशन डाउनलोड. एकदा आपल्या डिस्कवर उतरलं की कोणाचा बाप नेऊ शकत नाही." त्याने एक काळी पेटी, दोन स्पीकर आणि बागेला पाणी घालायच्या नळीएवढ्या जाड वायरी पाठवल्या. थोरल्याने फोटो पाहून विचारले, यातून गाणे येते की पाणी. त्यावरून दोघांची जुंपली. धाकटा म्हणाला की दादाला कान नाहीत. थोरला म्हणाला की धाकट्याला अक्कल नाही. पत्नी म्हणाली, "दोघांनाही वेळ नाही, हे कोणी म्हणत नाही."

मी विकत घ्यायचे ठरवले. घाबरतच घेतले, कारण गाण्यासाठी बँकेचा आकडा मी आधी कधी कोणाला दिला नव्हता. पण विकत मिळाले ते जुनेच, न घासलेले; खाकरणे परत आले, खुर्चीही आली, आणि इतकी स्वच्छ की पत्नी म्हणाली, "बाईला सर्दी झाली होती वाटतं."

याच कलमात स्पीकरच्या कव्हरांचा खुलासा करतो. स्पीकरच्या तोंडावर अगदी विरळ कापड होते. धूळ जाईल म्हणून मी ते काढले आणि चांगला फोम लावून वर सोफ्याचे जाड कापड चढवले, कडेने गोट घालून. पुढे धाकटा एका मित्राला घेऊन आला. गाणे लावले, डोळे मिटले आणि मित्राला म्हणाला, "बघ, मध्ये पडदाच नाही. बाई समोर बसलीये." मला बरे वाटले. मी म्हटले, "फोम भारीतला आहे." मित्र हसून हसून खुर्चीतून घसरला. त्यानंतर कामाच्या गडबडीत धाकट्याला यायला जमलेले नाही. कव्हरे त्यालाच द्यावीत. शिवण पक्की आहे.

सहा. ही विकतची गाणी मी पत्नीच्या नावे करणार होतो. वकीलबाईंनी चष्मा लावून कंपनीच्या अटी वाचल्या. फार वेळ वाचल्या.

"काका, तुम्ही गाणी विकत घेतलेलीच नाहीत."

"अहो, पैसे गेले माझे!"

"तुम्ही ऐकायची परवानगी घेतलीये. तीही फक्त तुमच्यापुरती. ती कोणाला देता येत नाही."

"आणि मी गेल्यावर?"

"परवानगी संपली."

म्हणजे थोरल्याचे गाणे पैसे भरेपर्यंत आणि धाकट्याचे मी मरेपर्यंत. या दोहोंत जास्त पक्के कोणते, ते पुढच्या आठवड्यात डॉक्टर सांगतील. मी घरी येऊन पत्नीला घाबरत घाबरत सांगितले की माझ्या मागे हे गाणे ऐकणे कायद्याने गुन्हा होईल.

ती म्हणाली, "म्हणजे मी चोर? येऊ देत पकडायला. कोणीतरी घरी येईल तरी."

तरीही मी लिहून ठेवतो की डिस्क, पेटी आणि वायरी या वस्तू पत्नीच्या आहेत. त्यांच्या आत काय आहे ते मला माहीत नाही.

सात. फोन. ती पेटी फोनवरून चालते आणि फोनला बटण नाही, नुसती गुळगुळीत काच. मी काचेवर, गाणे सुरू करायच्या जागी, रेक्झिनचा एक तुकडा चिकटवला, म्हणजे पत्नीला बोटाने जागा सापडेल. ती खूश झाली. दोन दुपारी तिने स्वतः गाणे लावले आणि मला हातही लावू दिला नाही. मग एका रात्रीत फोन आपोआप सुधारला आणि आतली बटणे इकडची तिकडे झाली. सकाळी मला काही कळले नाही. दुपारी तिने रेक्झिनवर बोट ठेवले. तिथे आता "काढून टाका" आले होते.

धाकट्याला फोन केला. पत्नीने केस विंचरून घेतले, मला म्हणाली, "त्याची चादर बाहेर काढा." तो म्हणाला, "यायची गरज नाही, बाबा, इथून होतं." आणि खरेच झाले. मिनिटभरात गाणे परत. एवढे हुशार मुलगे आहेत आमचे. मी चादर परत घडी करून ठेवली.

फोन कोणाला द्यायचा ते पुढच्या कलमावर अवलंबून आहे.

आठ. हे कलम कोरे आहे. इथे त्याचे नाव घालायचे आहे, जो माझ्या पश्चात दुपारी येऊन गाणे लावील. मी वकीलबाईंना म्हटले, जो येईल त्याला घराचा मोठा हिस्सा, असे लिहू का. त्या म्हणाल्या, "लिहा, पण मग तो हिश्शासाठी येईल." ते मला चालले असते. पत्नीला चालले नाही. म्हणून ही अट नाही, विनंती आहे. गाणे भाड्याचे असो की विकतचे, दोघांचेही बरोबर आहे, मी आता यात पडत नाही. रोज जमणार नाही हे समजते. वार वाटून घ्या. येताना वायर आणू नका.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिले, पत्नीला वाचून दाखवले (ते एक वाक्य सोडून), आणि साक्षीदारांसमोर सही केली. आधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे. आधी काही लिहिलेले नाही.

लिहून देणार: गादीवाला, थोरल्या व धाकट्याचा बाप (सही)

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, जे आवाज मोठा झाला की काठीने छत ठोकतात, पण या एका गाण्याला ठोकत नाहीत (सही)

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे औषधवाले, ज्यांना दुकान उघडे टाकून यावे लागले (सही, घाईत)

स्थळ: राहते घर, पुढची खोली

दिनांक: वकीलबाई नोंदणीच्या दिवशी घालतील. आठवे कलम भरल्याशिवाय त्या नोंदणीला नेणार नाहीत.

ता. क. — दोन्ही मुलांस. याची एकेक नक्कल पोस्टाने पाठवत आहे. ऑपरेशननंतर मी घरी आलो तरी बरेच दिवस पडूनच राहणार आहे, म्हणजे मेल्याशिवायही हे कलम लागतेच. तुमच्या आईला मी सांगून बसलो आहे की मुलांचे आपसात ठरले आहे, फक्त पहिला कोण येणार ते कळायचे आहे. ती रोज विचारते. माझ्याकडची उत्तरे संपत आली आहेत. कृपा करून लवकर कळवा.