तिच्या नावावरच्या विहिरी

२३ ऑक्टोबर २०१४, लक्ष्मीपूजन

मुहूर्ताला सागरतळ ड्रिलिंगचे आणखी दोनशे शेअर घेतले. नेहमीप्रमाणे यमुनेच्या नावावर! लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बायकोच्या नावानं घेतलेला शेअर दुप्पट झाला, तेव्हापासून हाच रिवाज. घरच्या लक्ष्मीनं फक्त सही करायची, तीही मी बोट ठेवीन तिथं.

कंपनी समुद्रात तेलाच्या विहिरी खोदून देते. जगाला तेल लागणारच — धीर हवा. तो माझ्याकडं आहे.

९ जानेवारी २०१५

तेल घसरलं, शेअरही. लोक विकून पळताहेत. भित्रे! मी हलणार नाही.

यमुनेचं गुडघ्यांचं रडगाणं चालूच. डॉक्टर म्हणतात, दोन्ही बदला. मी म्हटलं, भाव वर आला की बदलू. पडत्या भावात विकायला मला काय वेड लागलंय?

२ मे २०१५

शहराच्या कडेच्या आमच्या सातारा परिसरात नळ नाही, इमारतीचं बोअर आटलं. आजूबाजूला नव्या इमारती मात्र उठताहेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टँकर आला की यमुना कळशी घेऊन उतरते. पायरीगणिक 'आई गं'! मला टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, भाव ऐकू येत नाहीत.

टँकरवाला साहेबराव आज खालून ओरडला, "काका, काकूला जिना चढवंना. तुमीच या की खाली!"

आता टँकरवाले मला शिकवणार! खिडकी लावून घेतली.

२६ ऑगस्ट २०१५

शेअर पाव किमतीवर. यमुनेनं विचारलं, अजून किती थांबायचं? म्हटलं, तुझ्या गुडघ्यांना विचार. बराच वेळ हसू येत होतं.

११ नोव्हेंबर २०१५, लक्ष्मीपूजन

स्वस्तात आणखी शंभर! सही करताना यमुना थांबली. हे सगळे खरंच माझ्या नावावर आहेत का, म्हणाली. म्हटलं, हो महाराणी, आता ओवाळा.

१८ जानेवारी २०१६

ब्रोकर मंदारचा फोन. यमुना आणि आमची मुलगी स्वरदा त्याच्याकडं गेल्या होत्या. सगळे शेअर विकले. सगळे! मला न विचारता विकलेसच कसे, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो.

तो म्हणाला, "काका, खातं काकूंचं आहे."

अगदी तळाला विकले! शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही. संताप संताप झाला. जेवलो नाही. तिनं विचारलंही नाही.

१० मार्च २०१६

दोन्ही गुडघे बदलले म्हणे. स्वरदाकडं शहरात, गारखेड्याला आहे. मी भेटायला गेलो नाही. सागरतळ मात्र वर निघाला! मुद्दाम फोन करून सांगितलं — बघ, थोडं थांबली असतीस तर. स्वरदानं फोन आपटला.

पाणी मलाच भरावं लागतं. कंबर धरली आहे.

१४ मे २०१६

यमुना आली. काठी नाही. तिन्ही मजले चढली, एकदाही 'आई गं' नाही. मी म्हटलं, आलीस ना शेवटी! तिनं कपाटातल्या साड्या पिशवीत भरल्या, कळशी आणून माझ्या पायाशी ठेवली. "टँकर आलाय," म्हणाली, आणि भराभर जिना उतरून गेली.