बाथरूमची कडी

बंड्या,

मावशी जिन्यात पडली, पाय मोडलाय. तू पोहोचायच्या आत मला तिच्याकडे निघावं लागलं. तू येईपर्यंत शेजारच्या काकू बाबांजवळ बसल्या आहेत. सिलिंडर बंद केलाय, जेवण डब्यात आहे. एक दिवस गार खाल्लं म्हणून कोणी मरत नाही.

गेल्या महिन्यात बाबा बाथरूममध्ये कोंडले गेले, कडी उघडायची कशी तेच विसरले. म्हणून मी ती काढलीय. कडी आणि स्क्रू खिडकीतल्या वाटीत आहेत.

त्यांनी "तुम्ही कोण?" विचारलं तर वाद घालू नकोस. "कडी बसवायला आलोय" म्हण. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. तुझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतील आणि लहानपणी शिकवलं तसंच शिकवतील.

ते झोपले की कडी परत काढून ठेव. मी रोज तेच करते.

आई